हैबतीचा फोटो

भोर, ११ डिसेंबर १९५४

ती. उपेंद्र भावजींस सौदामिनीचा नमस्कार.

कॅमेरा विकून टाका, विधवेने रानोमाळ हिंडणे शोभत नाही, असे तुम्ही लिहिलेत. हे गेल्यापासून दर रविवारी मी त्यांचा कॅमेरा गळ्यात अडकवून चालते. भाद्रपदात उत्रोलीची हिरवी खाचरे टिपते, थंडीत धुके. गेल्या उन्हाळ्यात वेल्ह्याच्या वाटेवरच्या धनगरवाड्यात हसऱ्या हैबतीचा फोटो काढला होता. पाऊस सरल्यावर तो द्यायला गेले, तर कळले, श्रावणात हैबती ओढ्याच्या पुरात वाहून गेला.

त्याच्या बायकोने, धोंडाबाईने, पदराला हात पुसून फोटो घेतला.

"असंच हसायचं बगा त्ये," ती म्हणाली. मग तिने विचारले, "तुमच्या मालकांचा फोटू कुठं लावलाय, बाई?"

तुमच्या भावाने गावभरचे फोटो काढले. त्यांचा एकही कुणी काढला नाही. मीही कधी कॅमेरा हातात मागितला नाही.

आता त्या वाड्यातल्या प्रत्येकाचा फोटो काढणार आहे, म्हाताऱ्यांचे आधी. हे पत्र टपालात टाकणार नाही. तुमची समजूत घालण्यात माझे रविवार जायला नकोत.

आपली भावजय,
सौदामिनी