मेलेल्या शब्दांची वही

॥ श्री ॥
सातारा, ८ जानेवारी १९४५

चि. सौ. चारुलतास अण्णांचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. शाळेतली मास्तरकी सुटल्यापासून मी इंग्रजीतले मेलेले शब्द वहीत उतरवतो, त्याला तू रिकामा उद्योग म्हणतेस. म्हण बापडी! मनाच्या लहरीला हे लोक पूर्वी काय काय म्हणत: मेग्रिम, व्हिमव्हॅम आणि चक्क मॅगट, म्हणजे किडा. आपल्याही डोक्यात किडाच वळवळतो की.

माझा किडा मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. दूधवाल्या राहीबाईच्या पलटणीतल्या लेकाची, ज्ञानूची पत्रे माझ्याच पत्त्यावर येत, मी ती तिला वाचून दाखवी. दिवाळीत लष्कराची इंग्रजी तार आली. ज्ञानू इटलीत कामी आला. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती आणि मी बोलून गेलो, की जखमी आहे, बरा होतोय. उद्या खरे सांगू म्हटले. तो उद्या अजून उजाडला नाही. ती रोज माप ओतते आणि विचारते, लेकाचं काय आलं का. परवा तर तुझेच पत्र हाती धरून ज्ञानूचा मजकूर वाचला. बुजरी म्हैस अजून लाथा झाडते का, असे त्याने विचारल्याचे सांगितले, तर तिला कोण आनंद!

काल ती मलकापूरच्या अंजनाला त्याच्यासाठी मागणी घालून आली. चारू, मी काय करू?

तुझा,
अण्णा

सांगली, १४ जानेवारी १९४५

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पाठवला आहे, पण गोड बोला असं लिहायला हात धजत नाही. तुम्ही फारच गोड बोललात.

मला तुमचा राग आला आणि रडूही आलं. माझ्या पत्रात बाळाच्या दातांखेरीज काही नव्हतं, त्यातून तुम्ही इटली काढलीत! मेलेले शब्द वहीत ठेवा हवे तेवढे, माणसं अशी ठेवता येत नाहीत. त्या अंजनाची चांगली स्थळं परत जातील. सुपारी फुटायच्या आत सांगा. सोबतीला येऊ का? जिवाला फार लावून घेऊ नका.

तुमची,
चारू

सातारा, २२ जानेवारी १९४५

चि. सौ. चारुलतास अनेक आशीर्वाद.

तू येऊ नकोस. मी केले ते मलाच निस्तरायचे होते. आज राहीबाईच्या हाती तार दिली आणि माझे खोटेही सांगितले.

ती ओसरीवर बसून राहिली. मी शिव्यांची वाट बघत होतो. दिल्या असत्या तर बरे वाटले असते. मग म्हणाली, की मलकापूरला आजच सांगावा धाडते, परक्याची पोर कशापायी अडकवू. चरवी उचलून निघाली, उंबऱ्यात थांबली आणि मागे न बघता विचारले, की मास्तर, म्हशीचं इचारलं हुतं, त्ये तरी त्येनंच न्हवं?

मी व्हय म्हणालो.

एवढे एक खोटे माझ्या नावावर राहू दे. रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
अण्णा