पाच फूट पाच इंचांची सेवा

प्रभूमध्ये वडीलधाऱ्या दाजींना, तुमच्या मेहुण्याचा हात जोडून सलाम.

तुमचा खोकला उतरला असेल, त्याच्याबरोबर ताईची चिडचिडही उतरली असेल, आणि नव्या चष्म्यातून माझं अक्षर तुम्हाला पूर्वीसारखंच वळणदार दिसत असेल अशी आशा आहे. इकडे सगळे सुखरूप आहेत. म्हणजे घरचे आहेत, मी नाही. मला धक्का बसला आहे, आणि तो न बोलावलेल्या पाहुण्यासारखा ऐसपैस बसला आहे, उठायचं नाव काढत नाही. आमची ही म्हणते की धक्काबिक्का काही नाही, नाक कापलं गेलंय म्हणून तोंड सुजलंय. (तिच्या बोलण्याकडे तुम्ही लक्ष देऊ नका. मी देत नाही, फक्त ऐकून घेतो.) तेव्हा झालेला प्रकार पहिल्यापासून, एकही बारकावा न गाळता, तुमच्या कानावर घालतो.

सुरुवात झाली पाळकसाहेबांच्या उपदेशापासून. त्या रविवारी त्यांनी परगावी निघालेल्या धन्याने चाकरांकडे आपली मालमत्ता सोपवली तो दृष्टांत घेतला होता. तुम्हाला तो पाठच आहे: दोघांनी मिळालेलं वाढवलं, तिसऱ्याने भिऊन जमिनीत पुरून ठेवलं, आणि धनी परत आल्यावर त्याची जी शोभा व्हायची ती झाली. पाळकसाहेब म्हणाले, देवाने ज्याला जे कसब दिलं आहे ते त्याने दुसऱ्याच्या उपयोगी आणावं, कुणी सांगायची वाट पाहू नये, आणि पुरून तर मुळीच ठेवू नये. इथे मी अडलो. मी टेबलं-कपाटं करतो हे खरं, पण आमच्या चर्चच्या मंडळीत माझं नाव आहे ते शवपेट्यांसाठी. म्हणजे माझ्या हातून जी सगळ्यांत उत्तम वस्तू घडते, ती जमिनीत पुरण्यासाठीच घडते. उपासना संपल्यावर हा मुद्दा मी दारातच पाळकसाहेबांपुढे ठेवला. ते म्हणाले की तुमच्या बाबतीत हेतू पाहिला जाईल.

मग मी हेतूच्या मागे लागलो. दाजी, माझं खरं दान हात नव्हे, डोळा आहे. मी कुणा उस्तादाच्या हाताखाली शिकलेलो नाही. जुनं सामान उघडायचं, सांधे बघायचे, पुन्हा जोडायचं, असा शिकलो. (ही म्हणते, उघडलेल्यातलं निम्मं अजून उघडंच पडलंय. पुन्हा तेच, लक्ष देऊ नका.) पण माप घ्यायला मला कधीच कुणी शिकवावं लागलं नाही. माणूस उभा असो, बाकावर बसलेला असो की पांघरुणात मुटकुळं करून पडलेला असो, एकदा पाहिला की त्याची उंची मला कळते. टेप लावतो ती केवळ घरच्यांच्या समाधानासाठी. उपासनेत माझी नजर बाकांवरून फिरते तेव्हा लोक उगाच सरसावून बसतात. त्यात माझा वाईट हेतू नसतो. तुम्ही जसे चेहरे लक्षात ठेवता तशा मी लांब्या ठेवतो.

त्याच सुमाराला आमच्या गुरुजींनी अंथरूण धरलं होतं. तुम्ही त्यांना पाहिलं आहे; आम्हा सगळ्यांना शाळेत गणित शिकवलं आणि मंडळीचं गायनपथक उभं केलं ते हेच. हिवाळ्यात घसा धरला तो कायमचा गेला. बोलता येतं, पण गायला तोंड उघडलं की गंजलेल्या बिजागरीचा आवाज. डॉक्टर म्हणाले, बाकी प्रकृती ठणठणीत आहे, दुखणं काही नाही. गुरुजी म्हणाले, देवाने दिलं होतं, देवाने नेलं, आता माझं इथं काही काम नाही. आणि भिंतीकडे तोंड करून जे झोपले ते झोपलेच. जेवण परत पाठवायचे. सून बिचारी शिवणकाम करते. तिने मशीनच सासऱ्यांच्या खोलीत आणून ठेवलं, म्हणजे काम चालेल आणि डोळाही राहील. मी भेटायला गेलो तेव्हा ती हळूच म्हणाली की डॉक्टर म्हणतात असंच चाललं तर महिनाभरही निघणार नाही. आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना केली. प्रार्थनेत माझे डोळे मिटलेले असायला हवे होते, पण कसब कसब असतं. पाच फूट पाच.

घरी येताना मला स्पष्ट दिसलं की माझी सेवा हीच. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी गाऊन दिलं, त्याची शेवटची पेटी मी फुकट, न सांगता, वेळेआधी तयार ठेवायची. लाकूड माझं स्वतःच्या कपाटासाठी राखून ठेवलेलं घेतलं. कोपऱ्यांना खिळा नाही, सगळे खाचेचे सांधे. आतून असा रंधा मारला की गालाला लावावं. (हे ज्यांच्यासाठी केलं त्यांना कळणार नव्हतं, पण मला कळत होतं.)

आता दाजी, जे झालं ते नीट समजून घ्या, कारण मंडळीत ते फार वाकडं सांगितलं जात आहे. लोक म्हणतात, सुतार जिवंत माणसाच्या घरी पेटी घेऊन गेला. गेलो. पण कशासाठी? गुरुजींची खोली वरच्या मजल्यावर, आणि त्यांचा जिना अरुंद, खोलीच्या दाराच्या तोंडाशीच काटकोनात वळणारा. असल्या जिन्यात ऐन वेळी पेटी अडकते, रडणारे लोक रडणं थांबवून सूचना देऊ लागतात, आणि जाणाऱ्याची अब्रू जाते. ते गुरुजींच्या बाबतीत होऊ नये म्हणून मी आधी रिकामी पेटी वळवून पाहणार होतो. जबाबदार माणूस हेच करेल. दुपारची वेळ निवडली, गुरुजी झोपलेले असतात म्हणून. सोबत हातगाडीवाला घेतला. तो खाली, मी वर. वळणापर्यंत पेटी लोण्यासारखी आली आणि वळणावर अडकली. मागे जाईना, पुढे येईना. त्यात खालून पाळकसाहेब आले, गुरुजींना भेटायला. त्यांना वर येता येईना, मला खाली जाता येईना, आणि हातगाडीवाल्याने खालून जोर लावला तसा पेटीचा कोपरा गुरुजींच्या खोलीच्या चौकटीवर असा आदळला की मशीन थांबलं.

गुरुजींनी कूस बदलली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा भिंतीकडची कूस सोडून ते दाराकडे वळले, आणि दारात पेटी.

 सून उभी राहिली ती तशीच. जिन्यात पाळकसाहेबांचा पेटीच्या फटीतून फक्त एक डोळा दिसत होता. गुरुजींनी पेटी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, वह्या तपासायचे तशी.

"माझी?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, सेवा म्हणून आणली आहे, गुरुजी, घाई काही नाही.

"लांबी किती धरलीस?"

"पाच फूट पाच."

"सूनबाई," गुरुजी म्हणाले, "मला उठव."

दाजी, तो माणूस उठला. पाय लटपटत होते, सदरा अंगावर लोंबत होता, पण उठला, चार पावलं चालला आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून शाळेतल्यासारखा ताठ उभा राहिला. म्हणाला, घे माप. मी खिशातली टेप काढली तर म्हणाला, ती ठेव आत, तुझी टेप तुझ्याच बाजूने बोलणार. सुनेची कापडी टेप घ्यायला लावली. ती साठच इंचांची असते, म्हणून सुनेने टाचेपासून पाच फुटांवर पेन्सिलची खूण केली, खुणेपासून पुढे टेप लावली, आणि मी वर डोक्यावर गुण्या, आमची काटकोनाची पट्टी, आडवा धरून रेघ मारली. सुनेने आकडा वाचला. मग सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग पुन्हा वाचला.

पाच फूट नऊ.

चार इंच. एखादं सूत असतं तर मी लाकूड फुगलं म्हटलं असतं. पण चार इंच म्हणजे पायांच्या घोट्यापासून खालचा माणूस पेटीबाहेर. मी गुण्या उलटसुलट करून पाहिला. गुरुजी मात्र माझ्याकडे असे पाहत होते, जणू मी पुन्हा तिसऱ्या इयत्तेत फळ्यापुढे उभा आहे. "शाळेतही तू हातचा विसरायचास," ते म्हणाले, आणि मग सुनेला म्हणाले की काहीतरी गरम खायला कर, रिकाम्या पोटी याच्याशी वाद घालणं मला झेपणार नाही. पेटी शेवटी त्यांनीच वरून सोडवली, डावं टोक खाली कलव, उजवं उचल, असं सांगत. ती लगेच सुटली याचंही मला दुःख आहे.

पुढचं थोडक्यात. गुरुजी पंधरवड्यात हिंडूफिरू लागले आणि थेट माझ्या कारखान्यात आले. नवी पेटी आपल्या देखरेखीखाली व्हावी, या माणसावर आता भरवसा नाही, असं गिऱ्हाइकांसमोर म्हणाले. रोज येतात, खुर्ची टाकून बसतात आणि पेटी पुढे सरकू देत नाहीत. कालची फळी आज नापसंत असते. मी रंधा मारताना गुणगुणतो ते त्यांच्या कानाला सोसेना, म्हणून माझा सूर दुरुस्त करायला घेतला. मग हातगाडीवाल्याचा. त्यांचं म्हणणं, गळा गेला असला तरी कान शाबूत आहे, आणि पथक उभं करायला कानच लागतो. आता संध्याकाळी माझ्या भुशात आठ माणसं उभी राहून आ वासतात आणि करवत चालवायला जागा उरत नाही.

इथवरही मी सोसलं असतं. पण गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी सगळ्या मंडळीपुढे हेच उदाहरण घेतलं. म्हणाले, आपण देवापुढे आपलं कसब ठेवतो, पण देव कधी कधी आपली चूकसुद्धा सेवेला लावतो. आपल्या सुताराची चार इंचांची चूक पाहा. लोक वळून माझ्याकडे पाहू लागले. काहींनी प्रेमाने पाहिलं, ते जास्त झोंबलं. दाजी, तुम्हीच सांगा. इतकी वर्षं मी देवाला बिनचूक मापं दिली. त्यातलं एकही त्याने उचललं नाही, आणि उचलली ती एवढी एकच चूक? धक्का बसणार नाही तर काय होईल?

ताईला नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद सांगावेत. प्रभू तुम्हाला धडधाकट ठेवो.

तुमचा, भर उपासनेत चुकलेला ठरलेला,
मेहुणा

ता.क. मी चुकलो नव्हतो. परवा गुरुजींच्या दाराची खरचटलेली चौकट दुरुस्त करायला गेलो तर पेन्सिलची रेघ तशीच होती. माझी पोलादी टेप लावली. पाच फूट पाच, एक सूतही इकडे तिकडे नाही. मी सुनेची टेप मागितली. टोकाची पत्र्याची पट्टी केव्हाच गेली आहे आणि विरलेले पहिले दोन इंच तिने कातरून टाकले आहेत. तिची टेप दोनपासूनच सुरू होते. टाचेपासून लावली तेव्हा दोन इंच वाढले, खुणेपासून पुन्हा लावली तेव्हा आणखी दोन. मी तिला म्हटलं, बाई, तू रोज याच टेपेने कपडे बेततेस, तुला दोन वजा करायचं सुचलं नाही? ती म्हणाली, "सुचलं होतं, दादा. पण ते उभे होते ना. वजाबाकी राहू दिली." मला पुन्हा धक्का बसला. रविवारी पाळकसाहेबांना गाठून जाहीर दुरुस्ती करून घ्यायचं मी ठरवून टाकलं होतं.

दुसरा ता.क. करून घेतली नाही. काल गुरुजी सगळ्या पथकासमोर मला म्हणाले की अंगात ताकद आल्यापासून आपण आणखी वाढल्यासारखं वाटतंय, माप घे, आणि या वेळी तुझीच टेप घे. मी लावली. आकडा माझ्या अंगठ्याखाली होता आणि माझ्याशिवाय कुणाला दिसत नव्हता. मी म्हणालो, पाच फूट नऊ, वाढ नाही. आवाजही हलला नाही, दाजी. आयुष्यात पहिल्यांदा चुकीचं माप तोंडाने उच्चारलं, आणि या माणसाला हेही येतं, हे पाहून मीच हबकलो. घरी येऊन चौकटीची रेघ आठवली, तेव्हा गुरुजींच्या घरी जाऊन तिच्यावरून पॉलिशपेपर फिरवला.

तिसरा ता.क. मूळ काम सांगायचं राहिलंच. पुढच्या महिन्यात तुम्ही दोघं येणार तेव्हाच गुरुजींचं पथक पहिल्यांदा उपासनेत गाणार आहे, आणि नंतर सगळ्यांचा उभ्याने फोटो. आता गंमत ऐका. पाळकसाहेब पाच फूट आठ आहेत. ते हल्ली गुरुजींशी बोलताना एक पायरी खाली उतरून उभे राहतात. हातगाडीवाला पाच फूट दहा. तो त्यांच्या शेजारी गाताना पाठीवर ओझं असल्यासारखा वाकतो. पथकातला प्रत्येक जण गुरुजी आले की गुडघ्यात मोडतो. म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे मी बरोबर होतो हेही सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मला येऊन सांगणारा एकही नाही. असो. तुम्हाला मात्र याची कल्पना नसणार. तुम्ही येऊन छाती काढून गुरुजींच्या शेजारी उभे राहाल आणि सगळी मंडळी इतके दिवस वाकली ती फुकट जाईल. तेव्हा फोटोत कृपा करून पुढच्या खुर्चीवर बसा. उभं राहायचाच हट्ट असेल तर मांडी घालून बसलेल्यांच्या मागे नीट वाका. तुम्ही चारचौघांत स्वतःला पाच फूट आठ सांगता. तुम्ही सात आहात. तुमच्या लग्नात तुम्ही दारातून आत आलात तेव्हाच मी पाहिलं होतं. मी आजवर ताईलासुद्धा बोललो नाही, तर तुम्हाला एक दुपार बसून काढायला काय हरकत आहे?