मावशींचा तीळ डाव्या गालावर कसा गेला

तीर्थरूप मामांस,

भाचा बार्नबी (ज्याचं नाव बाबांसमोर काढायला सध्या घरात बंदी आहे, तोच) याचा लंडनहून कृतानेक नमस्कार. तुमच्या पायाचा ठणका कसा आहे? मामी अजून लोणी कुलपातच ठेवतात का? तुमच्या प्रवचनाला लोक पूर्वीइतकेच गाढ झोपतात ना? मी खुशाल आहे. कॉलेज अर्ध्यात सोडल्याचं मला तिळमात्र दुःख नाही. तिथे मेलेल्यांची भाषा शिकवत, इथे मी जिवंत माणसांची नाकं काढतो. म्हणजे ड्रुइटबाईंच्या दुकानासाठी तांब्याच्या पत्र्यावर थट्टेची चित्रं कोरतो. ती छापून खिडकीत लावली की अख्खा रस्ता खिदळत उभा राहतो, आणि ज्याची थट्टा केलेली असते तोही हळूच आत शिरून एक प्रत घेऊन जातो.

मामा, मी प्रेमात पडलो आहे. (हसू नका. मागच्या वेळचं ते प्रेम नव्हतं, तो ताप होता.) तिचं नाव हेस्टर. मी काढलेल्या एका बिशपच्या पोटाला ती खिडकीबाहेर उभी राहून इतकी मोकळी हसली, की मी हातातल्या पत्रा खोदायच्या तेजाबाच्या बाटलीसकट बाहेर धावलो. तिला आईबाप नाहीत, मावशी आहेत. पेनिफोल्डबाई. उजव्या गालावर मसुराएवढा तीळ, डोक्यावर हातभर उंच केस, आणि मनात फक्त डॉक्टर क्विलाम. हा क्विलाम पूर्वी ब्रिस्टलला घोड्यांना मलम चोळायचा म्हणतात. आता काचेचा गोल गरागरा फिरवून वीज काढतो आणि बड्या घरच्या बायकांना 'आरोग्याच्या सिंहासना'वर बसवून त्यांच्या नाकाच्या शेंड्यातून ठिणग्या उडवतो. परवा एका सरदारीणबाईंच्या केसांच्या टोपातून धूर निघाला, तर "रोग निघाला, रोग निघाला!" म्हणून सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. अशा माणसाला हेस्टर द्यायची असं मावशींनी ठरवलं. "डॉक्टर घरातलाच झाला की सकाळ-संध्याकाळ ठिणग्या! कुणाच्या पाया पडायला नको!"

माझं डोकं भडकलं. (ते तुम्ही जाणताच, तुमच्या कोंबडखान्याचं छप्पर आठवा.) क्विलामच्या ठिणग्यांच्या भर सभेत बाकावर चढून मी ओरडलो, "हा भोंदू आहे!" माझे हात रागानं थरथरत होते. पुढच्या रांगेतल्या बायका कळवळल्या, "अगं बाई, झटका आलाय पोराला!" आणि चौघांनी उचलून मला सिंहासनावर ठेवलं. केस ताठ उभे राहिले, दात वाजले, तोंडातून शब्द फुटेना. क्विलाम गंभीरपणे म्हणाला, "पाहा, संताप शमला." त्या दिवशी त्याच्याकडे दुपटीनं माणसं आली.

म्हणून मी कोरणी उचलली. क्विलामला हंस केला, श्रोत्यांच्या पिसांच्या टोप्यांत कोंबड्या बसवल्या, आणि सिंहासनावर थेट पेनिफोल्ड मावशी. लंडननं ओळखावं म्हणून तीळ चांगला ठसठशीत काढला, उजव्या गालावर. रागाच्या भरात एवढंच विसरलो, जे आमच्या धंद्यात झाडूवालाही विसरत नाही, की पत्र्यावरचं उजवं कागदावर डावं उमटतं.

चित्र खिडकीत लागलं आणि पहिल्याच सकाळी गर्दीत मावशी! मागे हेस्टर, पांढरीफटक. मी काउंटरखाली बसलो. तेवढ्यात बाहेर कुणीतरी ओरडलं, "अरे, ही तर लेडी क्रॅनफिल्ड! तो बघ डाव्या गालावरचा तीळ!" (या लेडी क्रॅनफिल्ड म्हणजे मावशींची पत्त्यांच्या टेबलावरची हाडवैरीण.) मावशी इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की पाठीवरचे बंद तटकन तुटले. "काय हुबेहूब काढलीय हो मेलीला! आणि त्या क्विलामकडे जातात तरी कोण? असल्याच! मला तर पहिल्यापासून संशय होता." मग आत येऊन म्हणाल्या, "कुठाय तो गुणी मुलगा?" मी काउंटरखालून गुणी चेहरा करून वर आलो.

क्विलामचं स्थळ तिथेच मोडलं. हेस्टर निघताना कानाशी म्हणाली, "वेड्या, तुला धड अपमानसुद्धा करता येत नाही. देवाचे किती आभार मानू!" मामा, असं बोलणारी मुलगी आयुष्यात एकदाच भेटते. मावशींनी आता मला घरी यायची मोकळीक दिली आहे, आणि गुरुवारच्या चहाला चार माणसांत आमचं लग्न जाहीर करणार आहेत. मामींना नमस्कार, मांजराला माझी आठवण.

तुमचा,
बार्नबी

ता. क. क्विलाम बुडाला असं समजू नका. त्यानं तेच चित्र चौकट करून आपल्या दाराशी टांगलंय. म्हणतो, टिंगल थोरांचीच होते. गर्दी आवरत नाही.

ता. क. मावशींनीही एक प्रत दिवाणखान्यात लावलीय, शेकोटीवरच्या मोठ्या आरशाच्या बरोबर समोर. काल हेस्टरनं माझी बाही ओढून आरशाकडे बोट दाखवलं. आरशात चित्र पुन्हा उलटतं, आणि सिंहासनावर साक्षात मावशी बसलेल्या दिसतात! मावशींची नजर अधू, त्यांना पत्ता नाही. पण गुरुवारी लेडी क्रॅनफिल्ड येताहेत, "ती मी नव्हेच" हे चारचौघांत सिद्ध करायला. त्यांची नजर घारीची आहे. चित्र काढून ठेवा म्हटलं, तर मावशी म्हणतात, "तिच्यासाठीच तर लावलंय!"

ता. क. तेव्हा मामा, बुधवारच्या गाडीनं निघाच. शेकोटीकडे पाठ करून, कोटाचे शेपटे वर धरून, तासन्‌तास उभं राहायची तुमची जी सवय आहे (जिच्यापायी मामी तुम्हाला जन्मभर बोलत आल्या), तीच आता मला तारील. लेडी क्रॅनफिल्ड जाईपर्यंत तेवढं हलू नका. आणि तो केसांचा मोठा टोप घाला, रुंदवाला. आरसा तुमच्यापेक्षा थोडासाच मोठा आहे.