ढोल्याशिवायचे दोन अल्बम

३ मार्च

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

तुझा दुसरा अल्बम पोचला. बँड सोडून एकट्यानं काढलेला पहिला मला रडका वाटला होता. तेव्हा बोलले नाही, आता बोलून टाकते.

हा मात्र फक्कड जमलाय. इथे कारखान्यात खुर्च्यांना पॉलिश करता करता सलग दोनदा ऐकला. ठेका धरण्याच्या नादात पॉलिशचा डबा लवंडला. तिसऱ्या गाण्यातले ड्रम तर काय सांगू, आधी जरा चाचपडत, मग एकदम ठाम. बँडमधल्या ढोल्याशी समेट झाला हे कळवलं का नाहीस? सहा वर्षं तोंडं फिरवून बसला होतात दोघं. त्यालाही माझे आशीर्वाद सांग.

माया आहेच, पत्रं तेवढी वाढव.
तुझी ताई

९ मार्च

ति. ताईस,
सा. न.

पत्र वाचून घाम फुटला. अल्बममध्ये ड्रम नाहीतच. माझ्या ठेक्याशिवाय तू दोन ओळी गाऊन दाखव, असं ढोल्या भांडताना म्हणाला होता. म्हणून दोन्ही अल्बम मी हट्टानं नुसत्या गिटारवर केले. तू नक्की काय ऐकलंस ते कळव. मला झोप नाही.

लोभ आहे तेवढा राहू दे.
भोंगा

१५ मार्च

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

उलगडा झाला. रविवारी कारखाना बंद असताना अल्बम पुन्हा लावला. दुसऱ्या गाण्याला तुझ्या भावजींना डुलकी लागली. त्यांना उठवून टेबलाचे पाय ठोकायला बसवलं, तर गाणं पुन्हा उभं राहिलं. मी ऐकले ते ड्रम म्हणजे यांची हातोडी. आता हे स्वतःला कलावंत समजतात आणि पुढच्या अल्बमवर नाव हवं म्हणतात.

थट्टा पुरे. तुझा आवाज चांगला आहे, पण पोरका वाटतो. भर कार्यक्रमात ढोल्याला स्टेजवरून उतरवलंस तू. चूक तुझी होती, हे मी सहा वर्षं गिळून बसले. असा मित्र पुन्हा मिळायचा नाही. तिसरा अल्बम काढण्याआधी त्याच्याकडे जा आणि माफी माग. नाक खाली झालं तर होऊ दे, नाकात गाण्यापेक्षा ते बरं.

रागावलास तरी पत्र लिही.
ताई

२ एप्रिल

ति. ताईस,
सा. न.

तीन पत्रं लिहून फाडली, शेवटी स्वतःच गेलो. ढोल्या हल्ली सायकली दुरुस्त करतो.  मला बघून त्यानं हात पुसले आणि दुकानामागच्या खोलीत घेऊन गेला. तिथे त्याचे ड्रम मांडलेले होते आणि शेजारी माझे दोन्ही अल्बम, पार झिजलेले. त्यानं पहिला लावला आणि सोबत वाजवायला बसला. एक जागा चुकला नाही. त्याची बायको म्हणाली, की दुकान बंद झालं की रोज हेच चालतं, तिला माझी गाणी माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत आणि एकही आवडत नाही.

मी माफी मागितली. ड्रमच्या आवाजात त्याला ऐकू गेली नाही. मग गळा काढून मागितली, ती शेजारच्या चार दुकानांनी ऐकली. मला रडू आवरेना. तो वाजवायचा थांबला नाही. एवढंच म्हणाला, की दुसऱ्या कडव्याला मी नेहमी घाई करतो आणि तो रोज मला सांभाळून घेतो.

तुझाच,
भोंगा