तीनपैकी एक गोळी

भोर, ता. १२ जानेवारी २००४

मेहनाज आपांना,

शमीमचा सलाम. इकडे पोरं खुशाल आहेत. तुम्ही फलटणहून पाठवलेली बाजरी पोचली. थंडी यंदा जरा जास्तच आहे.

तुमच्या भावाचं विचारलंत. शाकिरनी डेपोतली रजा वाढवली आहे. चार घास खातात, तेही मी समोर बसले तर. डॉक्टरांनी त्यांना एकटं सोडू नका म्हणून बजावलंय, त्यामुळे त्यांच्या खाटेशेजारी बसूनच लिहिते आहे.

पुण्याचे डॉक्टर म्हणाले, या उदासीवर दोन औषधं पुऱ्या ताकदीनं देऊन पाहिली, गुण आला नाही. आता एक तर चालू गोळ्यांना लिथियमची जोड द्यायची, त्यात वरचेवर रक्त तपासावं लागतं. नाही तर भूल देऊन विजेचे झटके. तुम्ही समजता तसं ते भयंकर नसतं, आपा. जेवण तुटलेल्या माणसाला त्यानं लवकर उतार पडतो, मधलं थोडं विसरायला होतं एवढंच. डॉक्टरांचा कल त्याकडेच आहे. पुढच्या मंगळवारी, वीस तारखेला, माझी सही हवी आहे.

यातलं बरं कुठलं, असं तुम्ही विचारलंत. मला सांगता येत नाही, आणि का येत नाही तेच आठवडाभर लिहायचं टाळते आहे.

दुसरं औषध त्यांनी पुऱ्या ताकदीनं घेतलंच नाही. रमजानमध्ये ते आपणहून पहाटे सेहरीच्या जेवणाला उठले, सहा महिन्यांत पहिल्यांदा. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, रोजा जड जायचा, म्हणून दिवसाच्या तीनपैकी दोन मी बंद केल्या. अल्लानंच हात दिला असं वाटून मी हुरळून गेले. ईदनंतर ते पुन्हा खाटेला खिळले, तरी मी एकच देत राहिले. तीन सुरू करायच्या म्हणजे आपण चुकलो हे कबूल करणं आलं. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, गोळ्या वेळेवर? दोनदा मी हो म्हणाले. माझी मलाच लाज वाटते.

आत्ता हे त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी भिंतीकडे कूस बदलली. मग म्हणाले, "मला ठावं हुतं. बरं व्हायचंच नव्हतं, म्हणून म्या बी गप बसलो."

आपा, मंगळवारी माझ्याबरोबर चला. सही करण्याआधी मी डॉक्टरांना सगळं सांगणार आहे. तिथं माझी जीभ अडखळली, तर माझी भीड न धरता तुम्ही सांगा.

तुमच्या भावाची अपराधी,
शमीम