अट्रॅक्टाचा खोकला

प्रिय अट्रॅक्टा,

गॅफनीच्या पबात माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. शेगडीजवळच्या जुन्या खुर्च्या काढून त्याने हात असलेल्या खुर्च्या आणल्या. फिडल वाजवणाऱ्याने कोपर ठेवायचं कुठे? नऊ मात्रांच्या स्लिप जिगच्या नाचधुनेत माझं तीनदा आपटतं. तक्रार केली तर म्हणतो, ‘‘मॅलकी, तुझा ताल निदान ऐकू तरी येतो आता.’’

परवा ‘ती’ धून वाजवून झाल्यावर एका जर्मन पाहुणीने तिचं नाव विचारलं. आपल्याकडे धुनेचं नाव विचारणं म्हणजे भांडण लावून देणं. गॅफनी म्हणाला, ‘‘ओटच्या शेतातली बदकं.’’ बासरीवाला पॅकी म्हणाला, ‘‘छे, विधवेचा झगा. माझा बाप हेच म्हणायचा.’’ ‘‘तुझा बाप ठार बहिरा होता,’’ गॅफनी म्हणाला. मग दोघांनी माझ्याकडे बोट दाखवलं, ‘‘लिहून घ्या बाई, मॅलकीची आवड.’’

खरं नाव तोवर आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. तू दीड वर्षाची, डांग्या खोकल्याने बेजार. तुला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरात येरझारा घालताना तुझ्या आईने, सबीनाने, ती रचली. दुसऱ्या भागात सूर मध्येच अडतो, ती तुझी ढास. तेव्हा पबात बायका वाजवत नसत. तिने मला ती शिकवली पावाला लोणी लावता लावता, ‘‘घाई नको रे, पोरीला श्वास घेऊ दे.’’

पुढे माझी रेकॉर्ड निघाली. ‘अट्रॅक्टाचा खोकला’ हे नाव सांगायची मला लाज वाटली. ‘‘नाव नाही,’’ म्हणालो. निनावी धुनेला लोक वाजवणाऱ्याचं नाव चिकटवतात, हे मला पक्कं माहीत होतं. रेडिओवर ऐकून सबीना एवढंच म्हणाली, ‘‘श्वास काढून टाकलास.’’ आणि पुढची बावीस वर्षं मला चहा पाजत राहिली.

फेब्रुवारीत तिच्या दफनाच्या वेळी फादर म्हणाले, ‘‘आता मॅलकी स्वतःची धून वाजवतील.’’ तू माझ्याकडे पाहिलंस. बोलायला माझं तोंड मोकळं होतं. मी फिडल हनुवटीखाली धरली.

हे पत्र त्या नजरेसाठी. पाहुणीला मी सगळ्यांदेखत खरं नाव सांगितलं. पॅकी हसला. डब्लिनच्या लोकसंगीत संग्रहालाही काल फोनवर कळवलं. ते म्हणतात, रुळलेली नावं खोडता येत नाहीत. सबीनाचं नाव वर येईल, ‘मॅलकीची आवड’ही तळाशी राहील. राहू दे, तेवढी शिक्षा मला हवीच. आज सकाळी तिच्या कबरीशी जाऊन ती एकदा वाजवली, सावकाश. ढास आली तिथे थांबलो, पोरीचा श्वास पुरा होईपर्यंत.

तुझाच,
मॅलकी