सनमायक्यावरचा हिरवा रंग

४ जानेवारी २००४, रविवार
जितू ठाण्याहून आला, जेवला, आणि ओट्याखालची कपाटं उघडून उभा राहिला. दारांचा रंग विटलाय, डाग जात नाहीत. तेवढंच पुरलं त्याला! "आई, तुझ्याने आता घर सांभाळवत नाही. हा फ्लॅट विकू. तू आमच्याकडे चल." बाप जाऊन आठ महिने झाले नाहीत तर ह्याला आईचं घर जड झालं. तिकडे जाऊन करायचं काय? हॉलमधल्या सोफ्यावर पाय आखडून बसायचं आणि ह्यांचा टीव्ही बंद व्हायची वाट बघायची!
म्हटलं, पंधरा दिवसांनी ये. कपाटं रंगवून ठेवते. मग बोल.
हसला. हसू दे.

५ जानेवारी
डबे-बरण्या सगळं पलंगावर. गास गावी सासरी दर मे महिन्यात दारांना तेल पाजायचो, मग रंग. लाकूड तेल पितं, वर रंग घट्ट बसतो. तसंच केलं. सहा दारं चोळली. खांदा गेला कामातून.

६ जानेवारी
तेल वरच आहे. हळूहळू पीत असेल.

७ जानेवारी
वाट किती बघायची? पुसलं आणि हिरवा रंग लावून मोकळी झाले.

९ जानेवारी
रंग बोटाबरोबर निघून आला — दुधावरची साय जशी! शेजारची रिटा बघायला आली ती हसून खालीच बसली. "काकी, ह्याला तेल पाजलं? उद्या फ्रिजला पन पाजाल!" म्हटलं, तुझ्या नवऱ्याला कोण पाजतं ते बघ आधी. मग दोघी हसलो.
पण नऊ दिवस उरले.

१० जानेवारी
एक दार काढून पिशवीत घातलं, दिनानाथच्या हार्डवेअरच्या दुकानात नेलं. त्याने टिचकी मारली. "आजी, हे लाकूड नाही. भुसा दाबून केलेली फळी, वर सनमायका चिकटवलाय. तेल आत जाणार कुठून?"
बारा वर्षं लाकूड म्हणून पुसते आहे मी! सातिवलीच्या कारखान्यातून ह्यांनीच आणलेली कपाटं. मला म्हणाले होते, सागवान आहे. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, नाहीतर आज सोडलं नसतं.
दिनानाथ म्हणाला, तेल सोड्याने काढा, पूर्ण सुकवा, पॉलिश पेपरने चकाकी घालवा, मग प्रायमर, मग रंग. "पेंटर पाठवू का?" म्हटलं, माझे हात काय भाड्याने दिलेत?

११ जानेवारी
घासलं.

१२ जानेवारी
घासलं. नाकात धूळ, भातात धूळ.

१३ जानेवारी
घासलं. रिटाने एक दार घासून दिलं. अर्ध्यात दोनदा जीझसला बोलावलं.

१४ जानेवारी
प्रायमर. पातळ हात.

१५ जानेवारी
नखाने खरवडून बघितलं. निघत नाही! परत बघितलं. नाही निघत! दुपारी रंगाचा पहिला हात.

१७ जानेवारी
काल दुसरा हात दिला. आज सुकला. बिजागऱ्या बसवल्या. एक दार किंचित वाकडं आहे. मीही आहे.

१८ जानेवारी, रविवार
जितू आला. बरोबर एक नवराबायको. मला आधी शब्दाने बोलला नाही!
बाई सरळ स्वयंपाकघरात. "अय्या, किचन किती छान! नवीन केलंय?" जितूचं तोंड फुललं. "हो, हो, आत्ताच!" मी घर राखायला घासत होते, आणि ह्याने तेच गिऱ्हाइकाला दाखवलं. वा रे लेका!
नवऱ्याने विचारलं, फ्लॅट कुणाच्या नावावर? जितू म्हणाला, "बाबांच्या. कागद ट्रंकेत आहेत, पुढच्या रविवारी देतो."
मला कोणी विचारलं नाही. चहा मात्र माझ्याच हातचा प्यायले.

१९ जानेवारी
ट्रंक उघडली. मी चौथीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. सकाळ गेली. मालक म्हणून ह्यांचं नाव कुठेच नाही. सत्यवती बळीराम पाटील. माझं. एकटीचं. घर घेताना हे म्हणाले, इथे सही कर, मी केली. काय ते विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही.
पुढच्या रविवारी जितू म्हणेल, सही कर.
येते मला सही. करणार नाही.